दोन प्रादेशिक विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ : हिशेब कसा मांडावा

संगणकावर दोन विमानतळांची नावे टाकली की क्षणात उत्तर येते : अंतर ४६३ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ ३३ मिनिटे. तिकिटावर मात्र त्याच प्रवासासाठी एक तास पंचवीस मिनिटे लिहिलेली असतात, आणि प्रत्यक्ष घरून निघून मुक्कामी पोहोचेपर्यंत साडेचार तास गेलेले असतात. या तिन्ही आकड्यांपैकी एकही खोटा नाही, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचे मोजमाप करतो. लांब पल्ल्याच्या प्रवासात हा फरक फारसा जाणवत नाही. दोन लहान विमानतळांमधील दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या प्रवासात मात्र चढणे, उतरणे आणि जमिनीवर सरकणे यांतच बराचसा वेळ जात असल्याने, अंतराला वेगाने भागून काढलेले उत्तर हमखास फसवते. म्हणून हा हिशेब टप्प्याटप्प्याने मांडावा लागतो. येथे तो एकाच उदाहरणाच्या आधारे शेवटपर्यंत नेला आहे.

विमानतळाची नेमकी ओळख

पहिले काम क्षुल्लक वाटते, पण सर्वांत मोठ्या चुका येथेच होतात. सॅन्टियागो या नावाने शोध घेतल्यास चिलीची राजधानी, स्पेनमधील सॅन्टियागो दे कोम्पोस्तेला आणि क्यूबामधील सॅन्टियागो अशी तीन ठिकाणे समोर येतात. त्यांचे तीन अक्षरी संकेत अनुक्रमे एससीएल, एससीक्यू आणि एससीयू असे आहेत. एका अक्षराच्या फरकाने माणूस महासागराच्या दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो. तिकिटांवर आणि सामानाच्या चिठ्ठीवर दिसणारे तीन अक्षरी संकेत आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना म्हणजे आयाटा देते, तर वैमानिक आणि हवाई नियंत्रण कक्ष चार अक्षरी संकेत वापरतात, जे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या म्हणजे इकाओच्या पद्धतीनुसार ठरतात. चार अक्षरी संकेतांची सुरुवात बहुधा प्रदेशानुसार होते, त्यामुळे पहिले अक्षर पाहूनच विमानतळ अपेक्षित भूभागातला आहे की नाही हे कळते. शंका असेल तेव्हा दोन्ही संकेत ताडून पाहावेत.

नावातील शहर आणि विमानतळाची जागा यांचीही गल्लत होते. जर्मनीतील फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्ट शहरापासून शंभरहून अधिक किलोमीटर दूर आहे. अंतर काढायचे ते विमानतळांमधील, शहरांमधील नव्हे, आणि विमानतळ ते शहर हा भाग हिशेबाच्या शेवटी वेगळा धरायचा, हे आधीच ठरवून घ्यावे.

अक्षांश-रेखांश आणि सरळ अंतर

प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश त्या देशाच्या वैमानिकी माहिती पुस्तिकेत प्रसिद्ध केलेले असतात. साधारण दोन-तीन किलोमीटर लांबीच्या धावपट्टीवर हा बिंदू कुठे धरला आहे याने आपल्या हिशेबात काही बिघडत नाही. बिघडते ते अंश-कला आणि दशांश यांच्या घोटाळ्यामुळे. २०°२४′ म्हणजे २०.२४ अंश नव्हे. २४ कलांना ६० ने भागले की ०.४ येतात, म्हणून तो २०.४ अंश होतो.

उदाहरणासाठी दोन काल्पनिक विमानतळ घेऊ. ‘अ’ विमानतळ २०°२४′ उत्तर, ७५°१८′ पूर्व येथे, आणि ‘ब’ विमानतळ २३°००′ उत्तर, ७८°४८′ पूर्व येथे आहे असे समजा. दशांशात ‘अ’चे २०.४ आणि ७५.३, तर ‘ब’चे २३.० आणि ७८.८ असे आकडे मिळतात. अक्षांशांतील फरक २.६ अंश, रेखांशांतील फरक ३.५ अंश.

अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर सर्वत्र जवळजवळ सारख्याच लांबीचा, सुमारे १११.२ किलोमीटर असतो. म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २.६ × १११.२ म्हणजे सुमारे २८९ किलोमीटर भरते. रेखांशाच्या अंशाची लांबी मात्र विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना कमी कमी होत जाते, म्हणून तिला त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांची सरासरी २१.७ अंश आहे आणि तिची कोसाइन ०.९२९ येते. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर ३.५ × १११.२ × ०.९२९, म्हणजे सुमारे ३६२ किलोमीटर होते. आता शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय वापरले, म्हणजे दोन्ही अंतरांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले, की ४६३ किलोमीटर हे उत्तर मिळते. कोसाइनने गुणायचे विसरल्यास हेच उत्तर ४८५ येते, म्हणजे २२ किलोमीटरची चूक केवळ एका विसराळूपणामुळे पदरी पडते.

कला आणि दशांश यांचा वर सांगितलेला घोटाळा याहून कपटी आहे. याच उदाहरणात ७५°१८′ हे ७५.१८, याप्रमाणे चारही आकडे वाचून सगळा हिशेब केला, तर उत्तर ४५९ येते. ते खऱ्या उत्तराच्या इतके जवळ असते की चुकीचा संशयही येत नाही. दुसऱ्या एखाद्या जोडीत मात्र तीच चूक एकट्या अक्षांशापायी चाळीस किलोमीटरवर जाते.

काटेकोर पद्धत हवी असेल तर हॅवरसाइन सूत्र वापरावे. हे सूत्र पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानून दोन बिंदूंमधील बृहद्वृत्ताचे अंतर, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या सर्वांत लहान वाटेची लांबी काढते. अक्षांशांतील फरकाच्या निम्म्याच्या साइनचा वर्ग घ्यावा. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांचा गुणाकार आणि रेखांशांतील फरकाच्या निम्म्याच्या साइनचा वर्ग यांचा गुणाकार मिळवावा. आलेल्या बेरजेचे वर्गमूळ काढून त्याची व्यस्त साइन रेडियनमध्ये घ्यावी आणि तिला पृथ्वीच्या त्रिज्येच्या दुपटीने गुणावे. आपल्या उदाहरणात हे उत्तर ४६२.९ किलोमीटर येते. म्हणजे कागदावरच्या सोप्या पद्धतीने आपण सूत्राच्या शंभर-दोनशे मीटर इतके जवळ पोहोचलो होतो. पाचशे-सातशे किलोमीटरपर्यंत आणि ध्रुवांपासून दूर असताना ही सोपी पद्धत बिनधास्त वापरावी.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर आहे, हे खरे. ते लक्षात घेणारे विन्सेंटी यांचे १९७५ सालचे सूत्रही उपलब्ध आहे. पण गोल मानल्याने होणारी चूक फार तर अर्धा टक्का, म्हणजे येथे दोन किलोमीटर. पुढे वारा आणि रांगा यांचा जो प्रभाव दिसणार आहे, त्यापुढे ती नगण्य ठरते.

अंतर मिळाले की ते नॉटिकल मैलांत बदलून घ्यावे, कारण विमानांचे वेग आणि वाऱ्याचे वेग नॉटमध्ये दिलेले असतात. एक नॉटिकल मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर आणि एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल. ४६३ ला १.८५२ ने भागले की २५० नॉटिकल मैल येतात. रस्त्यावरचा साधा मैल १,६०९ मीटरचा असतो. ‘मैल’ एवढाच शब्द दिसला की कोणता, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. या लेखात येथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैल.

विमान सरळ रेषेत जात नाही

विमान धावपट्टीवरून उठते आणि उतरते ते वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने. त्यामुळे ईशान्येला जायचे असले तरी धावपट्टी त्या दिवशी पश्चिमेकडे वापरात असेल, तर आधी पश्चिमेला उठून मग वळावे लागते. उड्डाणानंतर बाहेर पडण्याचे आणि उतरण्यापूर्वी आत येण्याचे मार्ग ठरलेले असतात, वाटेत लष्करी किंवा प्रतिबंधित क्षेत्र असेल तर त्याला वळसा पडतो, आणि अनेक लहान विमानतळांवर उपकरणांच्या मदतीने उतरण्याची सोय धावपट्टीच्या एकाच टोकाला असल्यामुळे खराब हवेत विमानाला पलीकडे जाऊन परत फिरावे लागते.

हा वळसा किती धरावा? प्रवासाचा कार्बन भार काढण्याच्या इकाओच्या पद्धतीत ५५० किलोमीटरपेक्षा कमी अंतराला ५० किलोमीटर, ५५० ते ५,५०० किलोमीटरला १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर मिळवले जातात. हा ठोकताळा आपल्याही कामाचा आहे. ‘अ’ ते ‘ब’ हे ४६३ किलोमीटरचे अंतर त्यानुसार सुमारे ५१३ किलोमीटर, म्हणजे २७७ नॉटिकल मैल होते. अंतर जितके कमी, तितका वळशाचा वाटा मोठा, हे येथे स्पष्ट दिसते. मात्र उशिराच्या भरपाईसारख्या कागदोपत्री कामासाठी हा वाढीव आकडा वापरू नये. उदाहरणार्थ, युरोपीय संघाची २००४ ची २६१ क्रमांकाची नियमावली अंतर बृहद्वृत्ताच्या पद्धतीनेच मोजते.

हवेतला वेळ : तीन भाग

आता मुख्य हिशेब. हवेतल्या प्रवासाचे चढण, समतल उड्डाण आणि उतरण असे तीन भाग करावेत आणि प्रत्येकाचा वेळ स्वतंत्रपणे काढावा. विमान कोणते आहे हे आरक्षण करताना दिसते, आणि ते पाहणे येथे अत्यावश्यक आहे. एटीआर ७२ हे पंख्यांचे टर्बोप्रॉप विमान सुमारे २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर वेगाने जाते. डॅश ८-४०० हे त्याच जातीचे विमान ३६० नॉटच्या आसपास जाते. एअरबस ए३२० सारखी जेट विमाने ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाने, म्हणजे साधारण ४५० नॉटने किंवा ताशी ८३० किलोमीटरने उडतात.

एटीआरचा हिशेब असा मांडता येतो. ते १८,००० फुटांवर जाणार आहे आणि मिनिटाला सरासरी १,००० फूट चढते असे धरू. चढायला १८ मिनिटे लागतील आणि सरासरी २०० नॉटने त्यात ६० नॉटिकल मैल कापले जातील. उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते, त्यामुळे दर हजार फुटांमागे तीन नॉटिकल मैल हा वैमानिकांचा जुना ठोकताळा लागू पडतो. १८,००० फुटांसाठी ५४ मैल. त्यातले पहिले ४२ मैल २४० नॉटने आणि धावपट्टीकडचे शेवटचे १२ मैल १४० नॉटने धरले, तर साडेदहा आणि पाच मिळून सुमारे १६ मिनिटे होतात. एकूण २७७ मैलांतून चढणीचे ६० आणि उतरणीचे ५४ वजा केले की १६३ उरतात. ते २७५ नॉटने ३६ मिनिटांत पार होतात. बेरीज ७० मिनिटे. पूर्ण वेगाने विमान उडते ते त्यातली जेमतेम निम्मी मिनिटे.

हाच प्रवास जेटने केला तर? ३०,००० फुटांवर चढायला सुमारे १५ मिनिटे आणि ९० मैल लागतात. उतरायला वेग कमी करण्याच्या जागेसह १०० मैल आणि २१ मिनिटे. मध्ये उरलेले ८७ मैल बारा मिनिटांत संपतात. एकूण ४८ मिनिटे. जेटचा वेग टर्बोप्रॉपपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक असूनही वेळ वाचला तो तीस टक्क्यांच्या आसपास. शिवाय अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा असते, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी जेटलाही सावकाशच जावे लागते. लहान मार्गांवर विमान कंपन्या टर्बोप्रॉप चालवतात याचे एक कारण या आकड्यांत आहे. त्या बावीस मिनिटांसाठी जाळावे लागणारे जादा इंधन परवडत नाही.

इतका तपशील नको असेल तर एक सोपा ठोकताळा पुरतो : सरळ अंतराला विमानाच्या समतल वेगाने भागावे आणि त्यात १५ मिनिटे मिळवावीत. एटीआरसाठी २५० भागिले २७५ म्हणजे ५५ मिनिटे, अधिक १५ म्हणजे ७०. जेटसाठी ३३ अधिक १५ म्हणजे ४८. सुरुवातीला दिसलेली ३३ मिनिटे कुठून आली होती, हेही येथे उलगडते. ती निव्वळ भागाकाराची होती, आणि तीही जेटच्या वेगाने.

हा ठोकताळा अगदी लहान उड्डाणांना लागू करू नये. स्कॉटलंडच्या ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे २.७ किलोमीटरचे, जगातील सर्वांत लहान नियमित उड्डाण दोन मिनिटांच्या आत संपते. अनुकूल वाऱ्यात ते ५३ सेकंदांत पूर्ण झाल्याचीही नोंद आहे. तेथील विमान फार वर चढतच नाही, मग चढउताराची पंधरा मिनिटे येणार कुठून?

वाऱ्याचा हिशेब

विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो आणि आपल्याला हवा असतो तो जमिनीच्या संदर्भातला. समोरून ४० नॉटचा वारा असेल तर एटीआरचा जमिनीवरचा वेग २३५ नॉट होतो आणि समतल उड्डाणाची ३६ मिनिटे ४२ होतात. तोच वारा पाठीमागून असेल तर वेग ३१५ होतो आणि वेळ ३१ मिनिटांवर येतो. वाऱ्याने सहा मिनिटे घेतली आणि परतीला पाचच दिली. जाऊन-येऊन प्रवासात स्थिर वारा कधीच फायद्याचा नसतो, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ राहते.

वारा बहुतेक वेळा तिरका असतो. त्यासाठी आधी मार्गाची दिशा काढावी. आपल्या उदाहरणात ३६२ ला २८९ ने भागून व्यस्त टॅन्जंट घेतली की उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ५१ अंश येतात. हवामान अहवालात वाऱ्याची दिशा तो जिथून येतो तिची असते, जिकडे जातो तिची नव्हे, हे विसरू नये. पश्चिमेकडून, म्हणजे २७० अंशांवरून ४० नॉटचा वारा असेल, तर दोन दिशांतील फरक २१९ अंश, त्याची कोसाइन उणे ०.७८, म्हणजे सुमारे ३१ नॉट पाठीमागून मिळतात. उत्तर अधिक चिन्हाचे आले तर वारा समोरचा समजावा. अगदी आडव्या वाऱ्याने वेळेत नगण्य फरक पडतो : ४० नॉटच्या आडव्या वाऱ्यात २७५ चे २७२ होतात. आकडा जमिनीवरच्या वाऱ्याचा न घेता उड्डाणाच्या उंचीवरचा घ्यावा.

वेळापत्रकातला वेळ

तिकिटावरचा वेळ विमान विमानतळाच्या गेटपासून मागे हटल्यापासून ते दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. म्हणून हवेतल्या ७० मिनिटांत धावपट्टीकडे सरकण्याची सात-आठ आणि उतरल्यावरची चार मिनिटे मिळवली की ८२ होतात. कंपनी त्याला ८५ करते, कधी ९०. दोन्ही टोकांना लहान विमानतळ असतील तर हे बारा मिनिटांचे प्रमाण पुरते. एक टोक गजबजलेले असेल तर सरकण्यासाठीच वीस मिनिटे धरावी लागतात आणि आकाशात घिरट्या घालण्याची शक्यताही असते. अशी एक प्रमाणित घिरटी चार मिनिटांची असते, म्हणजे तीन घिरट्यांत सरकण्याइतकाच वेळ गेला. वेळापत्रकात थोडा सैल वेळ मुद्दाम ठेवलेला असतो, कारण पंधरा मिनिटांपेक्षा कमी उशीर झाल्यास उड्डाण वेळेवर मानण्याची पद्धत रूढ आहे आणि त्या मोजणीत प्रत्येक कंपनीला चांगले दिसायचे असते. म्हणूनच ‘लवकर पोहोचलो’ ही विमानातील घोषणा मला फारशी प्रभावित करत नाही.

आपला आकडा पडताळायचा असेल तर उड्डाणांचा मागोवा घेणाऱ्या सेवांवर त्याच क्रमांकाची मागील दहा उड्डाणे पाहावीत आणि त्यांतला मधला आकडा घ्यावा. सर्वांत कमी वेळ घेऊ नये, तो अनुकूल वाऱ्याचा दिवस असतो. दाखवलेला वेळ चाके उचलल्यापासूनचा आहे की गेटपासूनचा, हेही तपासावे.

सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ नेहमी त्या त्या ठिकाणची स्थानिक असते, त्यामुळे सरळ वजाबाकी सीमा ओलांडणाऱ्या प्रवासात चुकते. भारतातून सकाळी ९.४० ला सुटून नेपाळमध्ये ११.२० ला पोहोचणाऱ्या उड्डाणाला एक तास चाळीस मिनिटे लागतात असे वाटते, पण नेपाळचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे असल्याने खरा वेळ एक तास पंचवीस मिनिटेच असतो. दोन्ही वेळा आधी जागतिक समन्वित वेळेत बदलाव्यात (४.१० आणि ५.३५) आणि मग वजाबाकी करावी. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे सरकवतात, तेथे प्रवासाच्या तारखेला लागू असणारा फरक घ्यावा.

दारापासून दारापर्यंत

शेवटचा आकडा प्रवाशाच्या खऱ्या उपयोगाचा. विमानतळापर्यंत जाणे, उड्डाणाआधी दीड तास पोहोचणे, सामान घेऊन बाहेर पडणे आणि पुढचा रस्ता, हे सारे मिळून तीन तास धरले तर आपल्या उदाहरणात ८५ मिनिटांचे उड्डाण सुमारे साडेचार तासांचा प्रवास होते. रस्त्याने जायचे तर रस्ता सरळ अंतराच्या साधारण १.३ पट, म्हणजे ६०० किलोमीटर, आणि ताशी ६० च्या सरासरीने दहा तास. येथे विमानाला तोड नाही. पण हाच हिशेब लहान अंतरांसाठी केला, तर ताशी ६० च्या रस्त्यावर सुमारे १७५ किलोमीटर सरळ अंतरापर्यंत आणि ताशी ९० च्या मोकळ्या मार्गावर सुमारे २७५ किलोमीटरपर्यंत रस्ताच बरोबरीत किंवा पुढे राहतो. आपला जमिनीवरचा वेळ तीनऐवजी दोन तास असेल, तर या सीमा बऱ्याच खाली येतात.

थेट उड्डाण नसेल तर ‘अ’ ते ‘ब’ अंतराचा वेळेशी असलेला संबंध जवळजवळ तुटतो. मधल्या मोठ्या विमानतळावरून जाताना दोन्ही टप्प्यांचे अंतर वेगवेगळे काढावे, चढउताराची पंधरा मिनिटे आणि सरकण्याचा वेळ दोनदा धरावा, आणि मध्ये त्या विमानतळाने ठरवलेला किमान जोडणीचा वेळ मिळवावा. दोन टप्पे एकाच तिकिटावर नसतील तर तो किमान वेळ पुरेसा समजू नये. पहिले विमान उशिरा आल्यास दुसऱ्या कंपनीवर थांबण्याचे किंवा पुढची जागा देण्याचे बंधन नसते, शिवाय सामान स्वतः घेऊन पुन्हा जमा करावे लागते. अशा वेळी त्या मार्गावर दिवसात पुढचे उड्डाण किती वाजता आहे हे आधी पाहावे, आणि पुढचे थेट दुसऱ्या दिवशीच असेल तर जोडणीसाठी किमान तीन तास मोकळे ठेवावेत.